फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या फटी

आमच्या फ्रिजच्या डाव्या अंगाला एवढी फट होती, की तिच्यात पोळपाट उभा राहायचा. उजवीकडे मात्र एवढीशी, की पडलेला चमचा दिसायचा पण हात जायचा नाही. बिल्डरने भिसेगावातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात फ्रिजसाठी एकाच मापाचा कोनाडा ठेवलाय. त्या मापाचा फ्रिज जगात कोण बनवतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी आपली डाव्या फटीत पिशव्या, रद्दी, सूप असं काय काय कोंबून ठेवलं होतं आणि माझं काही अडत नव्हतं. अडलं ते माझ्या लेकीचं. ती लग्न होऊन पनवेलला गेली आणि तिथून मला मोबाइलवर लोकांची स्वयंपाकघरं पाठवायला लागली. पांढरीशुभ्र, एक बरणी बाहेर नाही, फोडणीचा एक डाग नाही, आणि फ्रिज कसा, तर भिंतीबरोबरच बांधून काढल्यासारखा. "आई, बघ ना, बिल्ट-इन लुक! नुसत्या दोन पट्ट्या लावल्या की झालं." मी म्हटलं, "आधी त्या बाईला विचार, ती पोळ्या कुठं लाटते?"

खरं सांगायचं तर फटींकडे बघायला मला तेव्हा डोकंच नव्हतं. ह्यांचं आजारपण सुरू होतं. माझ्या नवऱ्याने सगळी नोकरी भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर म्हणून केली. रिटायर झाले, आता जरा फिरू म्हणालो, आणि एके दिवशी सकाळी दाढी करता करता झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात वापरलात तर परत येईल, नाही वापरलात तर आहे तोही जाईल. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी दिलेला रबरी चेंडू हे त्यांच्यासमोर धरायचे, आणि बाईंची पाठ वळली की सोडून द्यायचे. तो घरभर गडगडत जायचा आणि मी कपाटाखालून काढत बसायची.

बोलणंही टाकलं. बोललेलं समोरच्याला दोनदा विचारावं लागतं याची ह्यांना लाज वाटायची. खिडकीजवळची खुर्ची, एवढंच जग. मला बाजारात जायचं तर वरच्या मजल्यावरच्या वहिनींना ह्यांच्याजवळ बसवून जावं लागायचं. पन्नास माणसांत हसणारा, खेळणारा माझा माणूस बसल्या जागी विझत चालला होता, आणि मला त्याचा असा संताप यायचा म्हणून सांगू! भांडी आपटायची मी. संताप कसला, भीतीच होती ती.

एक दिवस लेकीचा फोन आला, तेच पुराण, फट आणि पट्टी. वैतागून मी म्हटलं, "बरं बाई, बोलावते सुताराला, म्हणजे तुझ्या जिवाला शांती." तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "सुतार... कशाला?"

मी फोन तसाच ठेवून दिला. "मग कोण करणार? मी?" मुद्दामच जरा फणकाऱ्याने विचारलं.

हे उठले. भिंतीला धरत आत आले आणि फ्रिजसमोर उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या नजरेत ते जुनं काहीतरी दिसलं, बिघडलेल्या वस्तूकडे बघताना असायचं ते. मी मनात म्हटलं, देवा, माझ्या लेकीचं भलं होवो, आता मला ह्या फटी बुजवून हव्यातच.

माप घेणं म्हणजे काय दिव्य होतं! टेपचं एक टोक डाव्या हाताने भिंतीला लावायचं आणि दुसरीकडे उजव्या अंगठ्याने दाबून धरायचं. अंगठा दाबला जायचा नाही, टेप सर्रकन निसटून डबीत जायचा. मी धरायला हात पुढे केला तर झिडकारला. मग मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण आत राहिले असते तर गप्प बसले नसते. टेपची ती सर्र सर्र ऐकत मी वाळत घातलेले कपडे उगीचच पुन्हा झटकत होते.

प्लायच्या पट्ट्या दुकानातून कापून आल्या, ट्रॉल्यांच्या रंगाशी साधारण जुळेल असा सनमायका आला. मग हे कडा घासायला बसले. काचपेपर उजव्या हातात अडकवायचा आणि वरून डावा हात ठेवून घासायचं. चेंडू दाबताना ज्या माणसाचा हात दुखायचा, तो सकाळ-सकाळ बसून प्लाय घासत होता. घरभर भुसा. एरवी मी अर्धा तास बोलले असते, पण तेव्हा त्या भुशावरून केरसुणी फिरवताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

डावी पट्टी पहिल्यांदा बसवली ती चुकली. अगदी दाराच्या तोंडाशी आणून लावली, त्यामुळे फ्रिजचं दार पुरतं उघडेना आणि भाजीचा खण बाहेर येईना. काढली, बोटभर मागे सरकवली. फ्रिजच्या डोक्यावरही एक फट होती, ती मात्र ह्यांनी प्लायने बंद करू दिली नाही. तिथे जाळी लावायची म्हणाले. "मशीनला... हवा लागते," एवढं सांगायला ह्यांना वेळ लागला, पण सांगितलं.

आणि मग तो जाळीचा दिवस उजाडला. ऊन तापायला लागलं होतं. सकाळीच माझा भाऊ पोशीरहून त्यांच्या नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचा चीक देऊन गेला होता, मी बाजारातून बोंबील आणले होते, ते सगळं फ्रिजमध्ये. मी अंघोळ करून बाहेर येते तो काय, फ्रिज बंद. हे अर्धं काम टाकून आत जरा आडवे झाले होते. आणि फ्रिजच्या बटणावर मिठाईच्या खोक्याचा एक पुठ्ठा दोऱ्याने लटकवलेला. त्यावर लाल पेनाने, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, "काम चालू. हात लावू नये."

मला हसूच फुटलं. ही पॉवर हाऊसची पद्धत. मशीनवर काम करायचं तर आधी बटण बंद करून त्यावर लाल पाटी लावायची. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण आत माणसाचे हात असतात. क्वार्टर्समध्ये राहिलेल्या आम्हा बायकांना हे सगळं पाठ. पण म्हणून घरच्या फ्रिजला? जाळीचे चार स्क्रू लावायला? चीक नासला असता, बोंबलांचं पाणी झालं असतं. मी पदर खोचला आणि बटणाकडे हात नेला.

"हात लावू नको! पाटी माझी हाय!"

अगं बाई! अशी आरोळी, की खालचा वॉचमन वर बघायला लागला असणार. हे दारात उभे, लालबुंद.

"अहो, चीक नासेल!"

"नासू दे! काम अर्धं हाय. कुणी बटण लावायचं नाय!"

मी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. एक शब्द अडखळला नव्हता. जीभ कुठेच जड नव्हती. ह्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण मला ओरडायला उचललेला हात तसाच हवेत राहिला होता, आणि तो उजवा होता. मग मीच म्हटलं, "बरं. नाही लावत. आवाज खाली करा, लोक म्हणतील भांडतायत."

त्या दुपारी मी सगळ्या शेगड्या पेटवल्या. एकीवर गूळ-वेलची घालून खरवस, दुसरीवर बोंबील. मासळीवर दूध चालत नाही, म्हणून इमारतीत मासे खाणाऱ्यांकडे बोंबील आणि न खाणाऱ्यांकडे खरवस, अशी वाटणी केली. लोक विचारायला लागले, काय हो, आज कसलं? मी म्हटलं, आमचे हे ओरडले. त्यांना काय कळणार, डोंबल! संध्याकाळी जाळी बसली, ह्यांनी स्वतः पाटी काढली आणि फ्रिज सुरू केला.

काम काही फार देखणं झालं नव्हतं. उजवी पट्टी वर बरोबर आणि खाली जरा तिरकी. लेकीने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, खाली थोडं..." मी मोबाइल छताकडे फिरवला आणि तिला म्हटलं, "रेंज नाहीये गं, ठेव." मला ते जगातलं सर्वांत सुंदर स्वयंपाकघर वाटत होतं, आणि आजही वाटतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. फटी तर संपल्या, आता ह्यांना काय देऊ? कपाटाची एखादी बिजागरी मुद्दाम ढिली करावी का, इथवर माझी मजल गेली होती. स्क्रू ड्रायव्हर शोधत होते, तेवढ्यात वरच्या वहिनी खरवसाची वाटी परत करायला आल्या. फ्रिजकडे बघून म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडं पन तश्शीच फट हाय बघा. सुतार नुसता येतो येतो म्हनतो." वहिनी दोन मिनिटं बसल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर हे उठले. टेप खिशात घातला, दाराशी जाऊन चपला घालायला लागले.

मी धावत गेले. "थांबा, मी येते. जिना हाय."

"तू कशाला? माप घ्यायला दोन मान्सं लागतात का?" आणि दार ओढून घेऊन निघून गेले.

मी दाराला कान लावून उभी. एक पायरी, थांबले. आणखी एक. कठड्याला धरल्याचा आवाज येत होता. माझे पाय दाराबाहेर पळायला बघत होते आणि मी कडी घट्ट धरून ठेवली होती. मग वरची बेल वाजली, दार उघडलं, वहिनींचा "या या" ऐकू आला आणि दार लागलं.

घरात मी एकटी उरले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिथेच दाराशी खाली बसले आणि मोठ्याने रडले. इतके दिवस हे ऐकतील म्हणून रडलेच नव्हते.