बंद पंपाचा आवाज

"श्श! ऐका," म्हणत ते बोलता बोलता बोट वर करायचे आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर लटकायचं. मुलुंडला सुट्टीत आलात की त्यांची नक्कल करत तुम्ही मुलंही जिन्यात बोट वर करून उभे राहायचात, ते तळमजल्यावरचे आजोबा, आम्हा मोठ्यांचे काका. आता ते नाहीत.

सोसायटीचा पाण्याचा पंप त्यांच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे, आणि सेक्रेटरी मी.

"सेक्रेटरीबाई, वाजतोय ना?" काका मला विचारायचे.

"बंद आहे काका, टाकी कधीच भरली," वॉचमन सांगायचा.

"खोटं बोलतोस!"

तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण त्यांच्या बायकोला चिडवायची, "वहिनी, पंप तुमची सवत झालाय हो!"

"सवत परवडली गं. तिच्याशी भांडता तरी येतं."

कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यातले अतिसूक्ष्म केस आवाजाने डोलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. काकांचा जन्म गेला घाटकोपरच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या मशीनपाशी. तिथे ते केस मोडले. मोडले की पुन्हा येत नाहीत, आणि निरोप येईनासा झाला की मेंदू स्वतःच आवाज काढत बसतो. डॉक्टरांनी हे समजावलं, तर काका म्हणाले, "तो डॉक्टर राहतो का इथे?"

मग त्यांनी घर विकायचं ठरवलं. बदलापूरला शांतता आहे म्हणे. वहिनी माझ्याकडे आल्या.

"एकदा बिल्डिंगचा मेन स्विच बंद करा हो. तिथेही हेच वाजलं तर आम्ही जायचं कुठे?"

रविवारी दुपारी सगळ्यांना सांगून मेन बंद केला. पंपाच्या खोलीत आम्ही तिघंच. काकांनी पंपावर तळहात ठेवला. पंखे थांबले, कुणाचा तरी टीव्ही थांबला. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता.

"थांबला ना हो?" त्यांनी हळूच विचारलं.

 काकांचा हात पंपावरून भिंतीवर गेला, भिंतीवरून कानावर. कान त्यांनी घट्ट दाबून धरला, मग सोडला.

"लावा," ते म्हणाले. "पंप लावा परत. तो चालू असला की निदान तुम्हालाही ऐकू येतं."

घर विकलं नाही. त्यानंतर पाणी चढवायच्या वेळी ते खुर्ची घेऊन पंपाच्या खोलीच्या दारात बसायचे. वहिनी चहा तिथेच आणायच्या. त्या गोंगाटात दोघांनाही ओरडूनच बोलावं लागायचं.