तांबडा पट्टा आणि वाडीची विहीर

भोरच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी वामनराव गुरुजींचे प्रथम दर्शन घडले ते रस्त्याच्या कडेला, मातीचे ढेकूळ जिभेला लावून उभे असताना. "नवे मास्तर ना? बघा, कशी चिकटते!" असे म्हणून त्यांनी दुसरे ढेकूळ माझ्या हातावर ठेवले. माणूस थोडा चक्रम असावा, असे मला वाटले. ते मत अजूनही फारसे बदललेले नाही. त्या चक्रमपणावर माझा जीव मात्र जडला.

आपल्या डोंगरांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. आपण तो पाहतो आणि पुढे चालू लागतो. गुरुजी तासन्‌तास थांबतात. एक लाव्हारस निवल्यावर दुसरा येईपर्यंत हजारो वर्षे गेली, तेव्हा हवा आजच्याहून उष्ण होती, त्या उन्हापावसात कातळ कुजून ही माती झाली, असे ते मुलांना रंगून सांगत. उष्ण काळ म्हणजे बारमाही पाऊस, त्या पावसाने पट्ट्याखालचा कातळही कुजून पोकळ झालेला, म्हणून खरे पाणी पट्ट्याखालीच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तेथील बायका उन्हाळ्यात दरीतून पाणी आणीत. वाडीने विहीर खणायला घेतली, तेव्हा तांबड्या पट्ट्यावर कंबरभर पाणी लागले. लोक तेवढ्यावर खूश होते. मला घेऊन तेथे आलेले गुरुजी म्हणाले, "आणखी खणा." पाणी उपसून पट्टा फोडला. रात्रीत झरे भरतील म्हणून सगळे थांबले आणि सकाळी पाहतात तो विहीर ठणठणीत कोरडी. तो पट्टाच पाण्याचा तळ होता. तो फुटताच सारे पाणी खालच्या फटींतून उतारावर निघून गेले.

"उन्हाळा कडक आहे, झरा आटला म्हणू," असे मी सुचवले. मला त्याची आजही लाज वाटते. गुरुजींनी टोपी काढली आणि जमलेल्या वाडीला सांगितले, "झरा आटलेला नाही. माझ्या सांगण्यावरून तळ फुटला. चूक माझी आहे."

वाडीतील सर्वांत वडीलधाऱ्या कोंडाबाई म्हणाल्या, "गुरुजी, आमी तुमच्या शब्दावर खणलं. आता रडून काय व्हतंय? बुजवायचं कसं, त्ये सांगा."

सुट्टी लागताच गुरुजी वाडीत राहायला गेले. रोज विहिरीत उतरून चिकणमाती तुडवायची आणि ते भगदाड थरावर थर देऊन बुजवायचे. उपसलेल्या तांबड्या मातीत त्यांना चुनखडीचे पांढरे खडे सापडले. माती पुन्हा पुन्हा वाळते तेथेच असे खडे धरतात. म्हणजे त्या उष्ण युगात बारमाही पाऊस नव्हता. थोडे दिवस मुसळधार आणि मग लांबच लांब कोरड. "उन्हावरून मी पाऊस गृहीत धरला हो," ते मला म्हणाले. या तांबड्या मातीवरचा, छापायला दिलेला आपला निबंध त्यांनी परत मागवला, नव्याने लिहिला आणि पहिल्या पानावर वाडीच्या विहिरीची हकीकत घातली. त्यांच्याविषयी मला काय वाटते, ते त्या पानात आले.

पुढच्या पावसाळ्यात विहिरीत पाणी टिकले. तेव्हापासून दर चैत्रात गुरुजी वाडीत जातात आणि दोर सोडून पाणी मोजतात.

गुरुजींच्या या गौरवग्रंथासाठी दोन शब्द मागायला मी गेलो, तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, "पानी हाये म्हनावं. पर बघाया यायचं सोडू नगा. चुकलो म्हनून त्ये सोता बोलले, म्हून त्यांनी 'हाये' म्हनलं की आमाला खरं वाटतं."

गुरुजींना उदंड आयुष्य लाभो, आणि दर चैत्रात त्या काठावर वाकण्याइतकी त्यांची कंबर धड राहो. वाडी त्यांची वाट पाहते.