सरांच्या लेखातली माझी आत्या

प्रबंध जमा करण्याआधी त्यातला मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. नंदुरबारला मी ज्या कॉलेजात शिकवत होते, तिथे हे काम ग्रंथपाल बाईंकडे होतं. त्यांच्याकडे फाइल देऊन मी चहाला गेले. परत आले तर बाई माझ्याकडे बघेनात.

"बसा जरा," त्या हळूच म्हणाल्या. "तिसरं प्रकरण जवळजवळ सगळं लाल आलंय. कुठून घेतलंत?"

मला हसूच आलं. ऊस तोडायला गुजरातेत जाऊन आलेल्या आमच्या बायकांच्या पावरी बोलीत कुठले नवे शब्द शिरतात, हा त्या प्रकरणाचा विषय. त्यासाठी दर सुट्टीत मी धडगावच्या घाटातून, जीपमध्ये कोंबून घेत, वर माझ्याच माणसांत जात होते. ते मी कुठून घेणार?

बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावीकडे माझं प्रकरण, उजवीकडे एका नियतकालिकात छापून आलेला लेख. लेखक म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांचं नाव आणि त्याच्या शेजारी त्यांच्या मुलाचं.

मी वाचत गेले. वाक्यामागून वाक्य माझं. आणि मग मधेच आलं: 'माझी आत्या भाकरी थापता थापता म्हणाली...'

सर तापीकाठच्या गावचे. धडगावच्या डोंगरात त्यांची आत्या कुठून येणार?

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केलेला मला दिसलाच नाही. कोपर लागून तो टेबलभर सांडला.

तुझ्या घरची बोली हाच संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते याच सरांनी. तोवर शाळेत मी ती बोली लपवत आले होते. म्हणून वरच्या मजल्यावर सरांच्या खोलीकडे जिना चढताना वाटत होतं, काहीतरी घोटाळा असेल, सर आत्ता हसून उलगडा करतील.

"सर, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पोराची प्राध्यापकीसाठी मुलाखत होती. एक लेख कमी पडत होता." मग आवाज मऊ करून अहिराणीत म्हणाले, "तू त मन्ही पोरसारखी शे. घरनी गोष्ट घरमाच ऱ्हाऊ दे."

"आणि माझी आत्या, सर?"

"कोण आत्या?"

मी बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं, त्यांनी ते प्रकरण कधी वाचलंच नव्हतं. छापायला दिलं तेव्हाही नाही, आणि 'छान झालंय' म्हणून मला शाबासकी दिली तेव्हाही नाही. चोरीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

मी तक्रार केली. प्रकरण मी सरांना कधी पाठवलं होतं, ते मेलवर होतंच. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी सगळं बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, लेखात तिसरं नाव तुमचं घालून घेऊ. मिटवून टाका. असं सगळीकडेच चालतं."

माझ्याच आत्याच्या बोलण्यात मला तिसरी जागा!

"नाही," मी म्हटलं. "लेख मागे घ्यायला लावा."

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तो मागे घेतला गेला. 'लेखकांच्या विनंतीवरून', एवढंच तिथे लिहिलं होतं. सर आजही शिकवतात. माझा प्रबंध मात्र रखडला आणि मला दुसऱ्या मार्गदर्शक शोधाव्या लागल्या.

त्या नवापूरकडच्या. पहिल्या भेटीत त्यांनी तिसरं प्रकरण माझ्यासमोरच शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आणि सहज विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?"

त्या प्रत्येकच विद्यार्थ्याला असं विचारतात. तरी मी आधी आत्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मगच 'हो' म्हटलं.