सास्तूरला मी जोगवा मागितला, त्याची गोष्ट

नवरा आयसीयूत होता तेव्हा माझ्या नणंदेनं तुळजापूरचं कुंकू आणलं होतं. मी तिचा हात झटकला. "वन्सं, तुमची देवी डॉक्टर आहे का?" तो गेला. मग दोन वर्षं मी दार, फोन, पडदे सगळं बंद करून बसले. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, चूक झाली तर जाऊन सांगावं. मला दोन वर्षं लागली. अभ्यासात मी पहिल्यापासून संथ.

पुण्याहून रेल्वेनं सोलापूर, तिथून एसटीनं तासाभरात तुळजापूर. बायकांना अर्धं तिकीट. रांगेत लागण्याआधी भाकरी-शेंगाचटणी खाऊन घ्या. देवीपुढे पाठ केलेलं सगळं विसरले, नुसती रडले. मागची बाई म्हणाली, "माय, रडा, पण सरकत सरकत रडा."

बाहेर परडी विकणाऱ्या आजींनी माझं तोंड बघितलं. "कुणाला टाकून बोललाव काय?"

"नणंदेला."

"मग ही टोपली घ्या. उद्या शुक्रवार हाय. देवीच्या नावानं पाच घरं जोगवा मागा, पडंल ते पीठ घ्या, त्याचीच भाकर खा."

सकाळी उमरग्याची बस, पुढे जीपनं सास्तूर, वन्संचं गाव. पहिल्या दारात मी म्हणाले, "एक्स्क्यूज मी, जोगवा मिळेल का?"

"हाटेलात आलाव का, ताई? 'जोगवा वाढा, माय' म्हणा!" गल्लीभर हशा.

चार घरं झाली. पाचवं वन्संचं. मला बघून त्या आत गेल्या. परडी धरून मी उभी. आता येत नाहीत, असं वाटलं तोच ओंजळभर ज्वारीचं पीठ घेऊन आल्या.

"मागा की."

"जोगवा वाढा..." मी परडी पुढे केली. "मला माफ करा, वन्सं."

त्यांनी पीठ परडीत सोडलं. "माफी परडीत मावत न्हाय, वैनी. आत या, पीठ मळा."

पाच घरांचं पीठ, त्यात माझा हात. भाकरी तव्यावर नकाशासारखी फाटली. वन्सं म्हणाल्या, "ह्यो कुठला देश म्हणायचा?" दोघी हसलो, मग त्यांच्या भावाच्या आठवणीनं रडलो. आणि सगळी खाल्ली.

पुण्यात परतले. रोज देवीला हात जोडते. पूर्वी जाब विचारायचे, आता मागते. गेल्या शुक्रवारी परडी घेऊन खालच्या मजल्यावरची बेल वाजवली, जोगवा मागितला. शेजारीण गोंधळली. "मल्टिग्रेन आटा चालेल?"

"पडेल ते चालतं."

"मग आत तरी या, चहा टाकते."

मी गेले.