आष्ट्यापर्यंत

मुंबईची नोकरी सोडली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. एका औषध कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत मोठ्या साहेबांची सेक्रेटरी होते. साहेब बदलत गेले, मी तिथेच राहिले. नोकरी का सोडली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा तर जो विचारील त्याला मी वेगळंच उत्तर देत असे. कचेरीतल्या मैत्रिणींना म्हटलं, मुंबईची हवा सोसत नाही. साताऱ्याला थोरल्या भावाला म्हटलं, आता थोडं समाजासाठी करावंसं वाटतंय. तो मंडईतून आणलेली भाजी पिशवीतून काढत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "काढलं का तुला त्यांनी?"

"नाही रे दादा, मीच राजीनामा दिला."

"मग काहीतरी बिनसलं असेल."

"काहीही बिनसलं नाही."

त्याला ते पटलं नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, इथंच राहा की. सांगलीला कोण आहे आपलं?"

सांगलीला आपलं कुणी नव्हतं, हे खरंच होतं. होती ती एक संस्था, घरातून निघून आलेल्या किंवा काढून दिलेल्या बायकांसाठीची. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. औषधांची मदत मागायला त्या एकदा आमच्या कचेरीत आल्या होत्या. साहेबांना वेळ नव्हता. पायाशी पिशवी ठेवून त्या माझ्या टेबलासमोर बराच वेळ बसून राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, "एकदा येऊन बघा आमच्याकडे." असं कितीतरी लोक म्हणतात. पण मी रजा काढून खरंच जाऊन आले, आणि काही महिन्यांनी राजीनामा दिला. मधल्या काळात मनात काय काय झालं, ते मला सापडत नाही.

सांगलीला सामान घेऊन उतरले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. बाजारपेठेत हळदीचा वास भरून राहिलेला. मोठ्या बाई म्हणाल्या, "आलात? बरं झालं. बघा आता, काय काय करता येतंय." आणि त्या डाळीचं पोतं उतरवून घ्यायला निघून गेल्या.

मी वाट बघत बसले. कुणीतरी बोलावेल, काम सांगेल, असं वाटत होतं. इतकी वर्षं साहेबांच्या खोलीतून घंटी वाजली की मी उठायची. इथे घंटा व्हायची ती फक्त जेवणाची. मी अंगणातून गेले की बायका उठून उभ्या राहायच्या. त्यांना वाटायचं, मी सरकारी तपासणीला आलेय. दोन दिवसांनी मी आपणहून गहू निवडायला बसले, तर सगळ्यांचं बोलणंच बंद झालं. गहू निवडायला मी कशाला हवी होते? आणि त्यासाठी नको असेन, तर मग कशासाठी हवी होते? रात्री खाटेवर पडून मी फोर्टमधली माझी खुर्ची आठवायची. तिच्यावर आता कोण बसत असेल, असंही मनात यायचं.

त्या बायकांमध्ये एक आष्ट्याची, जवळच्याच गावची, होती. तिशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. नवरा पलटणीत. तो नोकरीवर असताना सासू आणि जावा तिला मूल नाही म्हणून टोचून खायच्या, माहेरी जाऊ द्यायच्या नाहीत. एका दुपारी ती शेतातून परस्पर रस्त्यावर आली, एस.टी.त बसली आणि सांगलीला उतरून पत्ता विचारत इथे पोचली होती.

मला येऊन महिना होत आला असेल. मोठ्या बाई कोरेगावला नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. सकाळीच फाटकाशी एक माणूस उभा राहिला. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. मला बघून त्यानं जवळजवळ सलामच ठोकला.

"मॅडम, मी रजेवर आलोय. बायकोला न्यायला आलोय."

मी त्याला बाकावर बसवून चहा दिला. म्हटलं, मोठ्या बाई उद्या येतील. तो म्हणाला, "उद्यापातूर थांबतो की. हितंच बसतो." आणि खरोखरच बसून राहिला. त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी आत जाऊन तिला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"काय म्हणत्यात?"

"पलटण झाशीला आहे, तिथं राहायला क्वार्टर मागितलंय म्हणतोय. मिळालं की तुला तिकडे नेणार. तोवर घरी चल म्हणतोय."

तिनं तव्याखालचा जाळ कमी केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी सांगा. जाऊ का नगं?"

तो खरं बोलतोय असं वाटत होतं, पण क्वार्टर कधी मिळणार? आणि त्याची रजा संपल्यावर काय? साहेबांच्या वतीनं मी आयुष्यभर निरोप दिले होते. माझ्या मतावर कुणाचं काही अडलेलं नव्हतं. शेवटी मी खरं तेच सांगितलं.

"मला माहीत नाही गं."

तिनं भाकरी टोपलीत टाकली. "म्हाईत न्हाई? मग तुमी कशाला आलाय हितं?"

ती चिडून बोलली, पण प्रश्न बरोबर होता. तोच प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारत होते. उत्तर नव्हतं, म्हणून की काय, माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तुला जायचं असेल तर मी येते तुझ्याबरोबर. आष्ट्यापर्यंत. तुला बरं वाटलं नाही तर दोघी परत येऊ."

तिनं तवा खाली उतरवला. मग हात धुऊन लुगडं बदलायला गेली.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. दोन्हीकडे ऊस. तो पुढच्या बाकावर, आम्ही दोघी मागे. मी सासूला काय काय सुनावायचं, ते मनात जुळवत होते.

सासू ओसरीवरच बसली होती. म्हातारी, वाळलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. सून वाकून पाया पडली, तशी तिनं हातानं चाचपून तिचा चेहरा धरला. "लय वाळलीस गं," म्हणाली. मला घोंगडीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. "आवं बाई, आमी काय तिला मारतुया व्हय? घर हाय, बोलणं हुतंच की." एक जाऊ दारातून बघून तोंड फिरवून गेली. माझं जुळवलेलं बोलणं तसंच राहिलं. म्हातारीचा तो हात मायेचा होता की मला दाखवण्यापुरता, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही नाही.

सून मात्र सरळ चुलीपाशी गेली होती, जणू कालच तिथून उठली होती. मी आत डोकावून विचारलं, "चलायचं का परत?" तिनं मान हलवली. नाही. "जावा तुमी. गाडी जाईल."

मी एकटीच परतले. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही तिथं गेलात हे बरं केलंत की नाही, मला सांगता येणार नाही," म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा शाबासकी देतील. यातलं काहीच मिळालं नाही.

नवऱ्याची रजा संपल्यावर आठवड्याच्या आत ती ट्रंक घेऊन परत आली. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई झालं. क्वार्टर मिळूस्तवर मी तितं ऱ्हायची न्हाई, एवढंच." आणि जुन्या जागी वळकटी सोडली.

पुढच्या वर्षी क्वार्टर मिळालं. नवरा न्यायला आला तेव्हा त्यांना मिरजेला गाडीत बसवून द्यायला मी गेले. तो पाणी आणायला गेला होता. मी विचारलं, "त्या दिवशी मी जा म्हटलं असतं तर गेली असतीस?"

"न्हाई."

"आणि नको जाऊ म्हटलं असतं तर?"

"तरी बी न्हाई." ती हसली. "तुमी संगं आला म्हणून गेले."

ज्या घरातून ती पळून आली होती, त्याच घरात माझ्या सोबतीनं ती परत गेली होती. यात समाधान मानावं की काळजी करावी, मला ठरवता येईना. विचारायला वेळही राहिला नाही; तो पाणी घेऊन चढला आणि गाडी हलली.

संध्याकाळी सांगलीला पोचले तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं, "नीट बसली का?"

"बसली. खिडकीजवळ जागा मिळाली," मी म्हटलं. तेवढं मला नक्की ठाऊक होतं.