पत्र्यावरचा दात

शाळेच्या स्वयंपाकखोलीवर पत्रा होता, आणि त्या पत्र्यावर वस्तीतल्या निम्म्या पोरांचे दुधाचे दात पडलेले होते. ते सगळे शालूबाईनंच फेकलेले.

कुंडलजवळच्या वस्तीवरची ही शाळा सातवीपर्यंतची. शालूबाई तिथं खिचडी शिजवायची. पहिली-दुसरीतलं एखादं पोर ओठाला रक्त लागलेलं, मूठ घट्ट मिटून तिच्याकडं धावत यायचं. घरी असतं तर कुणी तो दात शेणाच्या गोळ्यात घालून घरावर टाकला असता. शाळेत शेण कुठलं? शालूबाई पोराला चूळ भरायला लावायची, तळहातावरच्या दाताला फुंकर मारायची आणि "जुना घे, नवा दे" म्हणून वर भिरकावून द्यायची. पत्र्यावर बारीकसा आवाज व्हायचा. तो ऐकल्याशिवाय पोर जागचं हलत नसे.

"पोचला," शालूबाई म्हणायची. मग पोर ताटली घेऊन रांगेत.

दुसऱ्यांच्या दातांचं इतकं करणारी शालूबाई स्वतः मात्र पदर तोंडाला लावून हसायची. माहेरी मलकापुरात, परकर नेसायच्या वयात, हापशाचा दांडा उसळून तिच्या तोंडावर बसला होता. पुढचा दात अर्धा तुटला, उरलेला काळा पडला आणि एक दिवस भाकरीच्या घासात निघून आला. दातासाठी दवाखाना गाठावा असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं बजावलं, "तोंड मिटून बस. काय इचारलं तर मान हलीव." लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत, ती तेवढी गप्प. नवरा आकाराम भला माणूस. लग्नानंतर त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "दुखत न्हाई न्हवं?" दुखत नव्हतं. पण पदर वर जायचा तो जायचाच. हाताला आता ते सांगावंही लागत नसे.

डिसेंबरातली गोष्ट. मैदानावर खो-खो चालला होता. सहावीतली पायल खांब गाठायला झेपावली आणि तोंडावरच खांबाला आदळली. पोरी ओरडल्या. पायल मात्र न रडता उठली, मातीतून काहीतरी उचललं आणि सरळ स्वयंपाकखोलीत आली. लहानपणी आली होती तशीच, मूठ मिटून.

शालूबाई डाळ ढवळत होती. पोरीच्या हनुवटीवरून रक्त ओघळताना बघून तिच्या हातातला डाव सुटला. तिनं पायलला चूळ भरायला लावली, पदराचं टोक ओलं करून ओठ पुसला. वरचा पुढचा दात नव्हता.

"मावशी, येईल का गं दुसरा?" पायलनं विचारलं.

शालूबाईला त्या क्षणी पोरीचे डोळे तेवढे दिसत होते. "येतोय की. सगळ्यांचा येतोय," ती म्हणाली. दाराबाहेर जाऊन तिनं दात वर भिरकावला. पत्र्यावर आवाज झाला.

"पोचला."

तेवढ्यात धैर्यशील सर धावत आले. मागच्या वर्षी दात तपासायला शाळेत आलेल्या सांगलीच्या डॉक्टर संयोगिताताईंचा नंबर त्यांच्याकडं होता. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सहावीतली आहे? मग तो दुधाचा दात नाही, सर," पलीकडून आवाज आला. "तो पुन्हा येत नाही. मुळासकट निघालाय का? कुठाय दात?"

सरांनी शालूबाईकडं बघितलं. शालूबाईनं पत्र्याकडं. आणि पायलनं शालूबाईकडं.

"हुडका आधी," डॉक्टर म्हणाल्या. "वरच्या टोकाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. घासायचा नाही, पुसायचा नाही. दुधात टाका आणि लगेच निघा. तासाभरात आलात तर आशा आहे."

शिडी लागली. सर वर चढायला निघाले तशी शालूबाईनं त्यांना बाजूला सारलं. "सर, तुमी चढलासा तर पत्र्यासकट खिचडीत याल. सरा." कासोटा खोचून ती स्वतःच वर गेली.

खालून ती दरवर्षी वर फेकत आली होती. वर काय जमलंय ते तिनं कधी बघितलं नव्हतं. पत्र्याच्या कडेला, भिंतीलगतच्या पन्हळीत वाळकी पानं होती, एक फुटका चेंडू, एक चप्पल. आणि पानांच्या आड तांदळासारखे दाणे चमकत होते. सांडलेले तांदूळच वाटले तिला. एक उचलला तर दात. दुसराही. कुणाकुणाचे असतील! काहींची आता लग्नंही झाली असतील. पण बघत बसायला वेळ नव्हता. हे सगळे आखूड होते, खाली मूळ नसलेले. तिला हवा होता तो लांब मुळाचा आणि ओल्या रक्ताचा.

"मावशी, सापडला का?" खालून सर.

"गप ऱ्हावा जरा!"

दोन पत्र्यांच्या जोडावर, खाचेत अडकलेला तो तिला दिसला. त्याच्यावर मुंग्या चढल्या होत्या. तिनं डोक्याकडून चिमटीत धरला, फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि पहिल्यांदाच त्याचं मूळ नीट बघितलं. वर दिसतो त्याच्यापेक्षा दात आत जास्त असतो, हे तिला माहीत नव्हतं.

सरांच्या चहासाठी आणलेलं दूध फुलपात्रात ओतलं आणि दात त्यात सोडला. पायलची आई येसूबाई द्राक्षबागेत कामाला गेली होती. फोनवर ती म्हणाली, "मावशी, तुमी व्हा म्होरं. मी मागनं येते." सरांची गाडी सुटली. मागच्या सीटवर शालूबाई दोन्ही हातांत फुलपात्र धरून बसली. गतिरोधक आला की जागच्या जागी उठायची, दूध हिंदकळू नये म्हणून.

शेजारी पायल तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागे पडत गेल्या. माधवनगर आलं तेव्हा पायल हाताआडूनच म्हणाली, "तू येतोय म्हणालीस."

हात तोंडावर ठेवायची ती तऱ्हा शालूबाईच्या ओळखीची होती. अशीच एक पोर मलकापुरात हापशाजवळ उभी राहिली होती. तो हात तिनं पुन्हा कधी खाली घेतला नव्हता.

"हात काढ," ती शेवटी म्हणाली.

"दिसतंय की."

"दिसू दे. काढ."

दवाखान्यात डॉक्टर संयोगिताताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दात दुधातून काढला, कसल्याशा पाण्यानं हळुवार धुतला, जखम बधिर केली आणि दात होता तिथं परत बसवला. शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवून त्याला आधार दिला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. पायलनं शालूबाईचं बोट इतकं आवळलं होतं की ते पांढरं पडलं.

"मी शब्द देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मूळ धरेल किंवा नाही धरणार. आतली नस आता मेलेली असणार. येत्या आठवड्यात ती काढून दात आतून भरू. पुढं कधी कधी हाडच मूळ खात जातं. ही मोठी होईपर्यंत टिकला तरी मी खूश. नंतर कायमचा दुसरा बसवता येतो."

"म्हंजे तवर त्यो जपायचा," शालूबाई म्हणाली.

"हो. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. ऊस तर अजिबात नाही."

येसूबाई धापा टाकत पोचली. शालूबाईनं तिला बसूही दिलं नाही. "येसू, दात मी फेकला हुता. पत्र्यावर. मला वाटलं..."

येसूबाईनं लेकीचं तोंड बघितलं, तार बघितली. मग म्हणाली, "फेकला तुमीच, हुडकला बी तुमीच. आता रडू नगासा. एकीला गप करता करता दोघी व्हायच्या."

पुढचे दिवस शाळेत दोन खिचड्या शिजल्या. एक मोठ्या पातेल्यात, एक छोट्या डब्यात. डब्यातली शालूबाई डावानं घोटघोटून पेजेसारखी करायची. उसाची ट्रॉली शाळेसमोरून गेली आणि पोरं मागं धावली की ती दारात येऊन ओरडायची, "पायल, तू न्हाई!" आणि पायल बोलताना, हसताना हात वर नेऊ लागली, की लांबूनच, "हात!"

पहिलीतला ज्ञानू एक दिवस दात घेऊन आला. शालूबाईनं तो उलटासुलटा करून बघितला, खालची बाजू उजेडाला धरली.

"फेक की मावशी," ज्ञानू वैतागला.

"थांब रं. मूळ हाय का बघू दे." नव्हतं. मग फेकला.

दोन आठवड्यांनी तार काढायला तिघी सांगलीला गेल्या. नस काढून झाली होती. डॉक्टरांनी तार सोडवली, दातावर हळूच टकटक केली, दोन बोटांत धरून हलवून बघितला. शालूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता सुटतोय.

"धरलंय," डॉक्टर म्हणाल्या. "सध्या तरी छान धरलंय. महिन्याभरानं फोटो काढू. जपायचं अजून."

सांगलीच्या स्टँडबाहेर रसवंतीची घुंगरं वाजत होती. पायल थबकली.

"मावशी, ऊस न्हाई ना चावायचा?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

"रस कुठं चावावा लागतोय?"

येसूबाई खो खो हसत सुटली. पायलही हसली. तिचा हात अर्ध्यावर उठला, शालूबाईच्या डोळ्यांकडं बघून आपणच खाली गेला. तो दात शेजारच्यांपेक्षा किंचित पुढं आलेला होता, पण होता. ते बघून शालूबाईलाही हसू फुटलं, आणि पदर सवयीनं वर गेला.

"मावशी," पायल म्हणाली, "हात काढ."

शालूबाईनं पदर होता तिथंच धरून ठेवला. आजूबाजूला माणसं होती, रसवाला बघत होता. पायलही हटायला तयार नव्हती.

मग तिनं पदर सोडला.