निळ्या टोपीवरचा राग

गेटजवळच्या बदामावरचा कावळा हल्ली रोज माझ्या डोक्यावर चोच मारतो. त्याच्या घरट्याला धक्का लावला केबलवाल्याने. पण त्याची टोपी निळी होती आणि माझीही निळीच आहे.

लहानपणी घसा दुखून मला ताप आला, सांधे सुजले आणि हृदयाची एक झडप अधू झाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं होतं, "रक्तातल्या 'बी' नावाच्या रक्षक पेशी जंतूंचा चेहरा लक्षात ठेवतात. याची झडप त्यांना तशीच वाटली, म्हणून त्यांचा मारा तिच्यावरही झाला." माझ्याच घरचं खाऊन मलाच मारतात, म्हणून मी त्या पेशींवर कितीतरी वर्षं चिडून होतो.

आज मात्र कावळ्यावर रागावता येईना. तो बिचारा पिल्लांसाठीच लढत होता.

"अहो, टोपी काढा की!" खिडकीतून बायको हसत ओरडली. मी टोपी खिशात कोंबली. कावळ्याने मान वाकडी करून मला न्याहाळलं आणि तो गप्प बसला.

छातीतल्या झडपेला ही सोय कुठली? तरी इतकी वर्षं, थोडी करकरत का होईना, ती दार उघडते आहे, लावते आहे.